बसा, वेढे चाललेत

१

माझा धंदा मोटारी भरण्याचा. विहिरीवरची, बोअरमधली, पिठाच्या गिरणीची, कुठलीही मोटार जळाली की पेडगावात ती माझ्या दुकानात येते. जळकी तार सोलून काढायची, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घालायचे, वार्निश द्यायचं आणि मालकाला सांगायचं की आता व्होल्टेज बघूनच चालू करा. तो ऐकत नाही, म्हणून माझं पोट भरतं.

वेढे मोजताना मी मान वर करत नाही. मोजणी चुकली की सगळी कॉइल उलगडावी लागते. त्यामुळं दारात कुणाची चाहूल लागली की खालच्या मानेनंच म्हणतो, "बसा, वेढे चाललेत." येणारा बसतो, तंबाखू मळतो, मोजणी संपली की बोलणं सुरू होतं. सगळ्या गावाला ही सवय माहीत आहे. पुढं जे झालं ते या सवयीमुळंच झालं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

दुकान रस्त्याच्या अंगाला, त्यामागं बैठकीची खोली, बाजूला स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागं एक खोली. आई नातवंडं सांभाळायला पुण्याला थोरल्या भावाकडं गेली आणि चार माणसांचं हे घर मला एकट्याला पुरून उरलं. लग्न जमलं नाही. मोटारी भरणारा, तोही खेड्यात, म्हटल्यावर पोरींचे बाप चहाही पूर्ण पीत नसत. एकटा जीव सदाशिव, असं लोक मला कौतुकानं म्हणतात. त्यांना घरी गेल्यावर कुणीतरी दार उघडतं, म्हणून त्यांना कौतुक.

मागच्या खोलीत मी हौस मांडली. वरातीत लोक गाण्यावर नाचायचे तेव्हा मी स्पीकरच्या खोक्यापाशी उभा राहून छातीत उतरणारा तो खालचा आवाज ऐकायचो. तो बेस गिटारचा असतो हे मोबाईलवर कळलं आणि माझा एक अख्खा उन्हाळा त्यात गेला. चार तारांचा घ्यावा की पाच, लांब मानेचा की आखूड, त्यात बॅटरी असावी की नसावी. शेवटी चार तारांचा, बिनबॅटरीचा, दोन कॉइलवाला मागवला. कॉइल म्हणजे माझ्या घरचीच वस्तू. त्याला आवाज मोठा करणारा एक छोटा अँप, कॉम्प्युटरला जोडायची रेकॉर्डिंगची पेटी, माईक, हेडफोन. नाकापेक्षा मोती जड झाला, पण झाला.

शेजारच्या कुसुमकाकू खोकं उघडताना बघायला आल्या होत्या. त्यांनी तारा मोजल्या आणि म्हणाल्या, "भागवता, दोन तारा कमी दिल्या की रं त्यानं."

२

बेसला हमिंग होतं. अँप चालू केला की घूं असा एकसुरी आवाज, जड मोटार अडकल्यासारखा. मी अर्थिंगचा खड्डा नव्यानं खणला, मीठ-कोळसा भरला, पाणी ओतलं. वायर बदलली. थोडं कमी झालं, पण गेलं नाही. अशा कॉइलचा तो जन्मजात गुण आहे.

त्यावर एकच उतारा असतो. माणसानं तारांवर हात ठेवला की हमिंग थांबतं. तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि खोलीतल्या वायरिंगची जी वीज आपल्या अंगावर येते ती त्यातून उतरून जाते. लाकूड ठेवलं, कापड टाकलं, तरी काही होत नाही. त्याला अंग लागतं.

मला त्या आवाजाचा त्रास नव्हता. घरात दुसरं कोण बोलतंय? दिवाळीनंतर कापूस वेचणीला गाव रानात जातं आणि दुपारची गल्ली ओस पडते. गिऱ्हाईक नसलं की मी कामाची मोटार मागच्या खोलीत न्यायचो, अँप चालू ठेवायचो आणि भिंतीकडं तोंड करून वेढे घालत बसायचो. पाठीमागं स्टँडवर बेस, त्याच्या शेजारी एक प्लास्टिकची खुर्ची. घूं चालू असायचं.

अशाच एका दुपारी वेढे मोजता मोजता माझ्या तोंडून गेलं, "बसा, वेढे चाललेत."

मोजणी पुरी झाली, तारेला गाठ मारली आणि वळलो. खोलीत कुणी नव्हतं. दार लावलेलं होतं. मी कुणाला बसा म्हणालो ते कळेना. मग लक्षात आलं की चाहूल लागली होती ती आवाजाची नव्हती, आवाज थांबल्याची होती. अँपचा लाल दिवा जळत होता आणि हमिंग बंद होतं.

मी बघत असतानाच ते परत सुरू झालं.

३

मी विजेचा माणूस आहे. भुताला मी घाबरत नाही, ढिल्या सांध्याला घाबरतो. बेसच्या पाठीचं झाकण उघडलं, प्रत्येक टाका तपासला, मीटर लावला. सगळं ठाकठीक होतं. पाल असेल म्हणावं तर पालीच्या अंगानं एवढं होत नाही. उंदीर असता तर तारा वाजल्या असत्या. वस्तू नवीकोरी, माझ्याच हातानं फोडलेल्या खोक्यातली. तिला मागचा मालक नव्हता.

मग रेकॉर्डिंगची पेटी कामाला लावली, माईक अँपपुढं ठेवला. जेवण झाल्यावर रेकॉर्डिंग चालू केलं, खिडकी लावली, अंगणाकडच्या दाराला आतून कडी घातली, बैठकीकडच्या दाराला कुलूप घातलं, चावी खिशात ठेवली आणि दुकानात जाऊन बसलो. चार वाजता परत येऊन स्क्रीनवर बघितलं.

हमिंगची रेघ जाड पट्ट्यासारखी दिसते. मी कुलूप लावल्याचा आवाज झाला, त्यानंतर थोडा वेळ पट्टा जाडच होता. मग एकदम त्याची बारीक रेघ झाली. सगळी दुपार ती बारीकच होती. कुलूप उघडल्याच्या खटक्याच्या अगदी आधी पुन्हा जाड.

हेडफोन लावून ऐकलं. मधल्या शांततेत काहीच नव्हतं. श्वास नाही, पाऊल नाही. तारा वाजल्या असत्या तर मी तेव्हाच घाबरलो असतो आणि बेस विकून मोकळा झालो असतो. पण वाजवत कुणी नव्हतं. नुसता हात ठेवून बसलेलं होतं.

फक्त शेवटी, पट्टा जाड होण्याआधी, एक सळसळ ऐकू आली. तारांना धक्का लागू नये म्हणून बोटं एकेक करून सावकाश उचलावीत, तशी. तसा हात मी उचलतो. ते शिकायला मला महिना लागला होता.

४

मला बरं वाटलं. हे सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं. इतकी वर्षं मी घरातून निघताना रिकाम्या खोल्यांना "येतो" म्हणत आलो. आईनं लावलेली सवय. जातो म्हणू नये, येतो म्हणावं. आता ते म्हणताना तोंड आपोआप मागच्या खोलीकडं वळायला लागलं. सकाळी दुकानात जाताना अँप चालू ठेवायचो. संध्याकाळी आल्यावर रेकॉर्डिंगमधली बारीक रेघ बघायचो, आणि कुणीतरी दिवसभर घरात होतं या विचारानं भाकरी गोड लागायची. एकदा चहाला दोन कप पाणी ठेवलं गेलं. कळल्यावर एक कप ओतून दिलं, आणि ओतताना वाईट वाटलं.

भीती नव्हतीच असं नाही. खुर्ची मी भिंतीकडं तोंड करून ठेवायचो. हळूहळू ती दाराकडं वळलेली दिसायला लागली. झाडताना मीच फिरवली असेन, असं मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात कुसुमकाकूंनी स्थळ आणलं. मुलगी पूर्णा गावची, नाव अपेक्षा. एका खाजगी दवाखान्यात नर्स. फारकत झालेली. काकूंना वाटलं, मी नाक मुरडीन. मी दुसऱ्याच दिवशी दाढी करून पूर्णेला गेलो.

स्टेशनजवळच्या हॉटेलात आम्ही बसलो. सोबत तिचा भाऊ बजरंग होता, पण तो समंजसपणानं गाड्या बघायला निघून गेला. मी मोटारींचं सांगितलं, मग भीत भीत बेसचं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसलीच, पण मग म्हणाली की एकदा ऐकवा. इतक्या दिवसांत असं म्हणणारं पहिलं माणूस. बेस म्हणजे मागं राहणारं वाद्य, एकट्यानं वाजवलं तर कुणाला गाणं कळत नाही, असं मी म्हणालो. ती म्हणाली, न कळू द्या.

निघताना तिनं एकच अट घातली.

"पैसाअडका मला बघायचा न्हाई. पण खोटं चालायचं न्हाई. आदीच्यानं सांगितलं व्हतं, घरात मी एकटाच हाय म्हणून. न्हवता एकटा. समदा गाव जाणत व्हता, मला सोडून."

"मी एकटाच राहतो," मी म्हणालो. बसमध्ये बसल्यावर मला ते वाक्य पुन्हा आठवलं.

घरी आलो आणि अँपचं बटण बंद केलं. हमिंग नाही तर थांबणंही नाही. आता घरात माणूस येणार होतं, खरंखुरं, बोलणारं. अंधारलेल्या खोलीच्या दारात उभा राहिलो. आत जे काही होतं त्याला निघ म्हणायचं मनात होतं. बसा म्हणून बसवलेल्याला ऊठ कसं म्हणायचं, ते आपल्याकडं कुणी शिकवत नाही.

५

रविवारी सकाळी बजरंग आणि अपेक्षा घर बघायला आले. काकू पहाटेपासून माझ्याकडंच होत्या. त्यांनी घर सारवल्यासारखं पुसून काढलं होतं, मागच्या खोलीचं अंगणाकडचं दार उघडून ती झाडली होती, आणि शिरा केला होता.

मी स्वयंपाकघरात पाण्याचे पेले भरत होतो. बैठकीत खुर्ची कमी पडली म्हणून काकूंनी मागच्या खोलीतली उचलून आणली आणि अपेक्षासाठी मांडली. मी तिथं असतो तर ती आणू दिली नसती. तांब्या-पेले घेऊन बाहेर आलो तेव्हा ती नुकतीच बसत होती.

बसली, आणि लगेच उभी राहिली.

"हितून आत्ता कोण उठलं?"

काकू म्हणाल्या की कुणी नाही बाई, आतली खुर्ची आहे. अपेक्षानं वाकून हाताची पालथी बाजू खुर्चीच्या बैठकीवर ठेवली. दवाखान्यात ताप बघतात तशी, घाई न करता. मग पाठीच्या जागेवर ठेवली.

बजरंग हसून म्हणाला की ऊन लागलं असेल. ती म्हणाली, "उन्हाची न्हाई ही. माणसाच्या अंगाची ऊब हाय."

मी पेले धरून उभा होतो. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, खोली कोंदट आहे. ते मलाही पटलं नाही. ती काकूंच्या शेजारी सतरंजीवर बसली. खुर्ची मध्येच रिकामी राहिली. बोलताना बजरंगचे पायसुद्धा खुर्चीपासून लांब होते.

तरी गोष्ट सावरत आली. शिऱ्याचं कौतुक झालं. बजरंगनं दुकान बघितलं, कॉइल कशी भरतात ते विचारलं. अपेक्षाचा चेहरा सैल झाला. ती म्हणाली, "ते वाजिवणार व्हता न्हवं?"

माझ्या जिवात जीव आला. वाटलं, ती आत येईल, मी बेस मांडीवर घेईन, तारांवर माझा हात असेल, आणि सगळं ठीक होईल. मागच्या खोलीत गेलो. अंगणाकडचं दार काकूंनी झाडताना उघडलं होतं ते अर्धवट तसंच होतं, त्यातून उन्हाची पट्टी आली होती. बेस स्टँडवर. अँप चालू केला. घूं सुरू झालं. मी बैठकीत येऊन म्हणालो, "या, आत या."

ती उठली. आतला आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता, काकूंनी तर कानावर पदरही ओढला होता. मी दारापर्यंत पोचलो नसेन.

हमिंग थांबलं.

६

काकूंना बरं वाटलं असावं, त्यांनी पदर खाली केला. अपेक्षा मात्र जागची हलली नाही. तिची नजर माझ्यावरून मागच्या खोलीच्या दाराकडं गेली आणि तिथंच राहिली.

मग ती माझ्या शेजारून आत गेली. मी मागोमाग गेलो. आम्ही उंबऱ्यात पाय ठेवला आणि घूं पुन्हा सुरू झालं. खोली रिकामी होती. तिनं उघडं दार बघितलं, दारापुढचं अंगण बघितलं. तिच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. कुणीतरी होतं आणि आत्ता बाहेर गेलं.

ती वळली. रागावलेली नव्हती. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं म्हणतात. इथं तर ताकसुद्धा नव्हतं, काय होतं ते मलाच ठाऊक नव्हतं.

"घरात आनखी कोण ऱ्हातं?" तिनं हळू विचारलं, भावाला ऐकू जाऊ नये म्हणून.

खरं सांगायची हीच वेळ होती. पण खरं काय होतं? कुणीतरी आहे म्हणालो तर ती गेली. कुणी नाही म्हणालो तर खोटं. कारण मी स्वतः त्याला बसवलं होतं, दिवसेंदिवस त्याच्यासाठी अँप चालू ठेवला होता, येतो म्हणून सांगून जात होतो.

"मी एकटाच राहतो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "भागवतराव, मानूस तुमी वाईट न्हाई. पण दोनदा इचारलं मी."

बाहेर जाऊन तिनं चप्पल घातली. बजरंग गोंधळला, काकू विनवायला लागल्या. फाट्यापर्यंत सोडायला त्याही त्यांच्या मागं गेल्या. मी दारात उभा राहिलो. वळणावर ती मागं बघेल असं वाटलं होतं. बघितलं नाही.

रडू आलं. दुकानाच्या दारात उभं राहून रडता येत नाही, म्हणून आत गेलो.

७

बेस खोक्यात भरायचा, अँप माळ्यावर टाकायचा आणि ही खोली कुणाला तरी कापूस ठेवायला द्यायची, एवढं ठरवून मागच्या खोलीत शिरलो. अंगणाकडचं दार लावून कडी घातली. घूं चालू होतं.

बेस उचलण्याआधी सवयीनं उजवा हात तारांवर ठेवला. चारही बोटं, नीट.

हमिंग थांबलं नाही.

दाबून धरलं. थांबलं नाही. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. आतली अर्थची वायर सुटली होती. मीटरला सापडला नव्हता तो ढिला सांधा आज पुरता निसटला होता. कधी टेकायचा, कधी सुटायचा, म्हणून कधी आवाज, कधी शांतता. सगळं एका टाक्यावर आलं. खुर्चीची ऊब, ती काकूंची असेल, झाडताना टेकल्या असतील. ते लोक अजून फाट्यावर बसची वाट बघत असतील. पळत गेलो तर गाठता येईल. अपेक्षाला इथं आणून, झाकण उघडून, सुटलेली वायर दाखवता येईल.

हात तारांवर तसाच ठेवून मी उघड्या दारातून बैठकीत बघितलं. खुर्ची तिथंच होती, सतरंजीजवळ, रिकामी.

मग हमिंग थांबलं.

मी बोटं हलवली नव्हती. माझ्या हाताच्या पालथ्या बाजूला ऊब लागली, आणि बोटांच्या मधल्या फटींतून तारांवर थोडं जास्तीचं वजन आलं. तारा दबल्या, पण वाजल्या नाहीत. फार जपून ठेवलं होतं. वायर सुटलेली नव्हतीच, तारांना लागणारं अंग आता माझं नव्हतं. खुर्ची बाहेर होती, म्हणजे बसलेलं कुणी नव्हतं. ते माझ्या पाठीशी उभं होतं.

अंगणातून काकूंची हाक आली. त्या फाट्यावरून परतल्या होत्या. आवाज थकलेला होता. "भागवता, एकटाच हायस का रं आत?"

हात काढून घेता आला असता, निदान तसा प्रयत्न करता आला असता. मी मान खाली घातली, नजर तारांवर ठेवली आणि मनातल्या मनात वेढे मोजायला लागलो. वेढे चालले की मी वर बघत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.